आकडा चांगला आला, मग सुई कशाला?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा पाच वर्षांचा. महिन्यापूर्वी सारखं पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीच्या शेजारी, मणक्यालगत सहा सेंटिमीटरची गाठ दिसली. भूल देऊन एमआरआय झाला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय की गाठीचा सरासरी एडीसी (गाठीतलं पाणी किती मोकळेपणी हलतं त्याचं माप) 1.4 आहे, गाठ गँग्लिओन्यूरोमा किंवा गँग्लिओन्यूरोब्लास्टोमा असावी, तुकडा तपासून खात्री करावी. मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली आहे. घरात मात्र एकमत नाही. सासऱ्यांच्या भावाच्या मानेतल्या गाठीत सुई घातली आणि दोन महिन्यांत ती पसरली, म्हणून सासरे सुईचं नाव काढू देत नाहीत. अमेरिकेतल्या दिरांनी एक लेख पाठवलाय, त्यात अशी गाठ आपोआप विरघळल्याचं आहे. एडीसी 1.1च्या वर असला की चांगला, असंही त्यांनी कळवलंय. पती म्हणतात, मशीननंच साधी गाठ सांगितली, आकडाही चांगला आहे, तीन महिने थांबून पुन्हा एमआरआय करू. आई विचारते: ‘मला थांबायचीही भीती वाटते आणि टोचायचीही. मी उगाच घाई करतेय का?’

ताई,

रिपोर्टच्या दोन्ही पानांचे फोटो तुम्ही पत्रासोबत पाठवलेत, हे फार बरं केलंत. पत्रात तुम्ही शेवटच्या तीन ओळी उतरवल्यात, आणि घरातली सगळी चर्चाही त्याच तीन ओळींवर चाललेली दिसते. पण पहिल्या पानाच्या मध्यावर आणखी एक ओळ आहे: गाठीच्या खालच्या कडेला 14 मिलिमीटरचा एक भाग, तिथे एडीसी 0.85. तुमच्या पत्राचं उत्तर मला त्या ओळीत दिसतं. मी स्वतः अनेक वर्षं एमआरआय वाचण्याचंच काम केलंय. तुमच्या बाळाची चित्रं मात्र मी पाहिलेली नाहीत, फक्त रिपोर्ट वाचलाय, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी हा आकडा काय आहे ते बघू. शरीरातलं पाणी स्थिर नसतं, त्याचा कण न् कण सतत भटकत असतो. डिफ्यूजन एमआरआय हे भटकणं मोजतो. बाजाराच्या दिवशी मंडईतून चालणारा माणूस पाच मिनिटांत कुठवर पोचेल, आणि बाजार उठल्यावर तोच माणूस तेवढ्याच वेळात कुठवर जाईल? हिशोब एवढाच. पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असल्या की पाण्याला वाट मिळत नाही आणि एडीसी खाली येतो. पेशी विरळ असल्या की तो वर जातो. शरीराच्या तापमानाला नुसत्या पाण्याचा एडीसी साधारण 3 भरतो, म्हणजे मोजपट्टीचं वरचं टोक तिथे आहे असं समजा. काही मशीनवर हाच आकडा 1.4 ऐवजी 1400 असा छापून येतो. तो बघून घाबरू नका, फक्त एकक वेगळं असतं.

डिफ्यूजन एमआरआयची कल्पना 1980च्या दशकात देनी ल बियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी मांडली. त्यांना सुरुवातीला लिव्हरमधली एक गाठ दुसरीपासून ओळखायची होती. तुमच्या घरात आज जो प्रश्न आहे, त्याच जातीच्या प्रश्नातून हे तंत्र निघालं. पोटातला तो प्रयत्न तेव्हा फसला, कारण श्वासागणिक लिव्हर हलतं आणि पाण्याची ती सूक्ष्म हालचाल त्यात हरवून जाते. मेंदू तसा हलत नाही, म्हणून हे तंत्र आधी तिथे रुजलं. पोटासाठी ते वापरण्याजोगं व्हायला मधे बरीच वर्षं गेली. श्वासाची ती अडचण आजही पुरती गेलेली नाही, म्हणून पोटातल्या गाठीचा एडीसी सोनाराच्या काट्यासारखा नेमका धरता येत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमधली ती लांबलचक नावं. बाळ पोटात असताना काही कोवळ्या पेशींपासून किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचा गाभा तयार होतो. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी उतरणारी सिंपथेटिक मज्जातंतूंची साखळीही त्याच पेशींपासून होते. त्यातल्या काही पेशी कच्च्याच राहून वाढत सुटल्या तर तो न्यूरोब्लास्टोमा. तो कॅन्सर आहे, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत सापडतो. पेशी पूर्ण पिकलेल्या असतील तर तो गँग्लिओन्यूरोमा, म्हणजे साधी गाठ, जी सहसा थोड्या मोठ्या मुलांत दिसते. कच्चं आणि पिकलं दोन्ही मिसळलेलं असेल तर गँग्लिओन्यूरोब्लास्टोमा. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, म्हणजे नेमका अशा वयात जिथे नुसत्या वयावरून कौल देता येत नाही.

कच्च्या गाठीत पेशी लहान, गोल आणि दाटीवाटीच्या असतात. पिकलेल्या गाठीत मोठ्या पेशी लांब लांब बसलेल्या आणि मधे मऊ, सैल ऊतक. म्हणून एडीसीत फरक पडतो. 2011 साली छापून आलेल्या एका जर्मन अभ्यासात न्यूरोब्लास्टोमाची सरासरी 0.8च्या आसपास आली होती आणि दुसऱ्या दोन प्रकारांची मिळून 1.6च्या आसपास. मधली सीमा त्यांनी 1.1ला धरली. दिरांनी तुम्हाला पाठवलेला 1.1 हा आकडा बहुधा तिथूनच फिरत आलाय. पण त्या अभ्यासात मुलं थोडी होती. आणि सीमेच्या वरच्या बाजूला त्यांनी कोणाला ठेवलं ते पाहा: गँग्लिओन्यूरोमा आणि गँग्लिओन्यूरोब्लास्टोमा एकत्र. यातला दुसरा नेहमीच साधा असतो असं नाही. तेव्हा ‘1.1च्या वर’ म्हणजे ‘साधी’ असं त्या अभ्यासातूनसुद्धा निघत नाही.

आणि आता सरासरीकडे येते. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. एका लहान मुलीच्या गाठीवर मी माउसनं एक मोठं वर्तुळ काढलं, जवळजवळ सगळी गाठ आत घेतली. आकडा आला 1.3. मी समाधानानं पुढच्या चित्राकडे निघाले होते. माझ्या वरिष्ठ मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी माउस घेतला, वर्तुळ वाटाण्याएवढं केलं आणि गाठीच्या एका कोपऱ्यातल्या काळपट ठिपक्यावर नेऊन ठेवलं. आकडा आला 0.8. गाठ तीच, मिनिटही तेच. तपासणीत तो कोपरा न्यूरोब्लास्टोमाचा निघाला, बाकीची गाठ पिकलेली होती. आंबा देठाशी कच्चा आणि खाली पिकलेला असतो ना, तशी. सगळ्या आंब्याचा रस काढला तर तो गोडच लागणार.

उलटही होतं. कच्च्या गाठीच्या पोटात पेशी मरून पोकळी झाली, पाणी साठलं, की तिथे एडीसी वर चढतो आणि सरासरी उगाच चांगली दिसते. म्हणून सरासरीचा 1.4 हा आकडा मी खोटा म्हणणार नाही, पण तो गाठीच्या सर्वांत वाईट भागाबद्दल काहीच बोलत नाही. आणि उपचार त्या सर्वांत वाईट भागावर ठरतात.

मग तो 14 मिलिमीटरचा भाग कच्चाच आहे का? तसंही नाही, घाबरून जाऊ नका. या गाठींमध्ये कॅल्शियमचे खडे असतात, आणि खड्याच्या जागीही एडीसी कमी दिसतो. फरक ओळखायची एक रीत आहे. डिफ्यूजनची चित्रं दोन प्रकारची असतात. एकात पाणी अडलेली जागा पांढरी चमकते, आणि एडीसीच्या नकाशावर तीच जागा काळी दिसते. पहिल्यात पांढरी, दुसऱ्यात काळी, तर पेशींची दाटी असण्याची शक्यता बरीच. दोन्हींत काळी, तर कॅल्शियम किंवा जुनं रक्त असू शकतं. दोन्हींत पांढरी, तर ती बहुधा नुसत्या पाण्याची चमक. डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘खालच्या कडेचा तो भाग डिफ्यूजनवर पांढरा आहे की काळा?’ प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तरही एका ओळीत मिळेल, आणि ते ऐकायला तुमच्या पतींना शेजारी बसवा.

सासऱ्यांच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. सुईबद्दलची ती भीती सगळ्या गाठींच्या बाबतीत बिनबुडाची नाही. मुलांच्या किडनीत विल्म्स नावाची गाठ होते. तिच्यात ऑपरेशनआधी सुई घातली, तर अमेरिकेतल्या पद्धतीनं आजाराची पायरी वरची धरतात, म्हणून तिथे शक्यतो टोचणं टाळतात. पण तुमच्या मुलाची गाठ किडनीतली नाही, किडनीच्या शेजारची आहे, आणि या जातीच्या गाठीत सुई घातल्यामुळे पायरी बदलत नाही. इथे सुईचा मुख्य धोका रक्तस्रावाचा, आणि त्यासाठीच आधी रक्ताच्या तपासण्या करून सोनोग्राफी किंवा सीटीच्या नजरेखाली ती घालतात. त्यांच्या भावाच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत नाही. पण आजार वेगानं वाढतोय अशी शंका आली की डॉक्टर सुई सांगतात, आणि घरच्यांच्या आठवणीत सुई आधी आणि वाढ नंतर असा क्रम बसतो. आजोबांना हे सांगताना ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणू नका. ‘बाबा, तुम्ही म्हणता तसं दुसऱ्या एका गाठीत करतात, मी विचारून आले’ असं म्हणा.

दिरांनी पाठवलेला लेखही खरा आहे. आपोआप विरघळणाऱ्या न्यूरोब्लास्टोमाच्या नोंदी वैद्यकात पक्क्या आहेत. काही महिन्यांच्या बाळाच्या ॲड्रिनलमध्ये लहानशी गाठ सापडली, तर सुई न लावता फक्त सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासणीवर नजर ठेवतात, आणि अनेक बाळांत ती आकसून जाते. पण तो लाभ तान्ह्या बाळांचा आहे. या आजारात दीड वर्ष हे वय फार मोठी रेघ आहे, तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं गणित वेगळं. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. लेख खरा, पण तो तुमच्या बाळाबद्दलचा नाही.

आता पतींचं ‘तीन महिने थांबू’. ताई, इथे मी तुमच्या दोघांच्या मधे उभी राहते. थांबणं हा चांगला पर्याय आहे, पण तो बायोप्सीनंतरचा. गाठ पूर्ण पिकलेली आहे असं तुकड्यांवरून नक्की झालं, ती महाधमनीला बिलगलेली असली आणि ऑपरेशनचा धोका मोठा वाटला, तर तिला हात न लावता वर्षानुवर्षं नुसती नजर ठेवलेली मुलं आहेत. गँग्लिओन्यूरोमाला केमोची गरज नसते. म्हणजे पतींना जे हवंय तेच कदाचित शेवटी होईल, फक्त त्याचा पाया आकड्यावर न ठेवता तुकड्यावर ठेवायचा. खालच्या कडेला 0.85 लिहिलेलं असताना नुसतं थांबणं मला पटत नाही. शिवाय पुन्हा एमआरआय म्हणजे पुन्हा उपास, पुन्हा भूल, आणि मशीन बदललं तर आकडाही थोडा बदलणार. एवढं करून प्रश्न जिथल्या तिथेच राहील.

तुकड्यातून आणखी एक गोष्ट कळते जी कुठलाही एमआरआय सांगू शकत नाही. साधारण पाचातल्या एका न्यूरोब्लास्टोमात एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या खूप जास्त प्रती असतात, आणि तसं असेल तर उपचार पहिल्या दिवसापासून कडक लागतात. तुमच्या बाळात ते निघेल असं मी म्हणत नाही, सरासरी 1.4 असलेल्या गाठीत त्याची शक्यता कमीच वाटते. पण वाटण्यावर सोडायची ही गोष्ट नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘बायोप्सी करायची का’ हा प्रश्न घरी ठेवून जा आणि ‘कुठून घेणार’ हा घेऊन जा. डिफ्यूजनचं खरं मोल मला इथे वाटतं. सहा सेंटिमीटरच्या गाठीत सुई जिथे सोपी पडते तिथे घातली आणि पिकलेला भाग आला, तर रिपोर्ट ‘साधी गाठ’ असा येईल आणि सगळं घर निर्धास्त होईल, चुकीचं निर्धास्त. एडीसीचा नकाशा समोर ठेवून त्या काळ्या भागातून दोन-तीन तुकडे आणि बाकीच्या गाठीतून दोन-तीन तुकडे घेतले, तर उत्तरावर विश्वास ठेवता येतो. सुई घालणाऱ्या डॉक्टरांनी एमआरआयची चित्रं स्वतः पाहिली आहेत ना, हे स्पष्ट विचारा. असं विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

दुसरी वाटही असू शकते. गाठीनं मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढा घातलेला नसेल, ती मणक्याच्या फटींतून आत शिरलेली नसेल, तर काही वेळा सर्जन सुईऐवजी पूर्ण गाठच काढतात, म्हणजे सगळीच गाठ तपासायला मिळते. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘महाधमनीला लागून’ असं आहे. ‘लागून’ आणि ‘वेढून’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा सर्जनकडून हा शब्द नक्की करून घ्या.

सुईआधी लघवीची तपासणी होऊ द्या. या गाठी ॲड्रिनलीनच्या घराण्यातली रसायनं बनवतात आणि त्यांचे अवशेष, व्हीएमए आणि एचव्हीए, लघवीत उतरतात. काही लॅब आधी केळं, चॉकलेट, व्हॅनिला बंद करायला सांगतात, तसं सांगितलं तर पाळा. एमआयबीजी स्कॅन (या जातीच्या पेशींत शिरणारं किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेली चित्रं) सांगितला, तर मुलाला सर्दीचं कुठलंही औषध चालू आहे का ते आधी कळवा, काही औषधांनी तो स्कॅन फसतो. थायरॉइडच्या रक्षणासाठी आधी आयोडीनचे थेंब देतात, ते चुकवू नका. आणि हेही माहीत असू द्या की एमआयबीजीत गाठ उजळली म्हणजे ती कॅन्सरच असं नाही. गँग्लिओन्यूरोमाही उजळू शकतो. लघवी नॉर्मल आली म्हणजे सुटलो, असंही नाही. एमआरआय, लघवी, स्कॅन या तिन्ही साक्षी उपयोगाच्या आहेत, पण निकाल तुकड्यानंतरच. बोनमॅरो तपासायची असेल तर ती बायोप्सीच्याच भुलीत उरकता येईल का, तेही विचारा. लेकराची एक भूल वाचते.

पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईला जाल तेव्हा फिल्मचं पाकीट पुरणार नाही, सेंटरकडून सीडी मागून घ्या. फिल्मवर एडीसीचा नकाशा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो, आणि छापला तरी त्यावर वर्तुळ काढून आकडा मोजता येत नाही. बायोप्सी दुसरीकडे झाली, तर तुकड्याचे काप लावलेल्या काचा आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक दोन्ही ताब्यात घ्या आणि जपा, उन्हात गाडीत ठेवू नका. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग आहे, आणि तिथल्या मुलांना आधार देणारी इम्पॅक्ट ही व्यवस्थाही. मुक्काम लांबला तर सेंट ज्यूड इंडियाची घरं मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायला मिळतात, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून त्यांच्याकडे नाव जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि मुलाचं आधार बरोबर ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पहिल्याच दिवशी त्यांना गाठा, बिल झाल्यावर नाही.

ही धावपळ उद्या पहाटेच सुरू करायला हवी अशी नाही, पण पुढच्या आठवड्यापलीकडे ढकलू नका. मधल्या काळात मुलगा लंगडायला लागला, पायातली ताकद कमी वाटली, लघवी-शौच अडली किंवा नकळत होऊ लागली, डोळ्यांभोवती मार न लागता काळं-निळं झालं, हाडं दुखतात म्हणून रात्री रडला, तर तारखेची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. गाठ मणक्यालगत आहे म्हणून पायांचं मी मुद्दाम आधी लिहिलं.

तुम्ही विचारलंत, घाई करतेय का. नाही. तुम्ही भ्यालात म्हणून रिपोर्टचं पहिलं पानही फोटोत पाठवलंत. घरात बाकी कोणी ते पान उलटलेलं दिसत नाही. आज रात्री जेवणं झाली की ते पान सासऱ्यांसमोर आणि पतींसमोर ठेवा, मधली ती ओळ बोटानं दाखवा, आणि ठरवा की मुंबईला कोण कोण जाणार. मुलाच्या बाबांनी यावंच. जमलं तर आजोबांनाही घेऊन जा. सुई कुठून कशी घालणार हे त्यांनी स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, तर बाहेर बाकावर बसून राहणं त्यांनाही सोपं जाईल.